गाडीचं गाणं कचरा उचलत नाही

एप्रिलचा दुसरा आठवडा. सकाळी सातला शेजारच्या काकू दारात उभ्या, हातात टोमॅटोची एक फांदी. पानांच्या कडा अशा करपलेल्या, की कुणीतरी बसून उदबत्तीचं टोक फिरवलंय असं वाटावं. "अगं, तू बॉटनी शिकवायचीस ना? हे बघ काय झालं."

इंदूरच्या सुदामा नगरातल्या आमच्या गच्च्या एप्रिल लागला की तव्यासारख्या तापतात. रात्री वारा सुटतो, माळव्याची रात्र काही उगाच नावाजलेली नाही, पण टोमॅटोला त्या रात्रीपर्यंत तग धरायचा असतो. काकूंनी मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला होता: झाडांना ॲस्पिरिन द्या, ऊन सोसतात. मग काकांच्या हृदयाच्या औषधाच्या पाकिटातून ७५ मिलीग्रॅमच्या दहा गोळ्या निघाल्या, खलबत्त्यात कुटल्या गेल्या, अर्ध्या लिटरच्या मगात कालवल्या गेल्या आणि भर दुपारी दोन वाजता पानांवर शिंपडल्या गेल्या. काकांना अजून पत्ता नव्हता.

"म्हणजे व्हिडिओ खोटाच होता की!" काकू म्हणाल्या.

खोटा नव्हता, हीच तर पंचाईत. ॲस्पिरिन ज्यापासून बनतं ते सॅलिसिलिक आम्ल झाडं स्वतः तयार करतात. ते बाहेरून अगदी थोडं दिलं, तर ऊन, पाण्याची ओढ, थंडी, खारं पाणी यांना तोंड द्यायला झाडाला मदत होते, हे गेल्या काही दशकांत कितीतरी प्रयोगांत दिसलंय. फक्त ती मदत कशा प्रकारची आहे हे कळलं नाही, की माणूस मगात दहा गोळ्या कालवतो.

नावाची गोष्ट थोडक्यात सांगते. सॅलिक्स म्हणजे वाळुंज. नदीकाठी वाढणाऱ्या आपल्या वाळुंजाचे युरोपात बरेच भाऊबंद आहेत आणि त्यांच्या सालीचा काढा तिथे तापावर देत. १७६३ मध्ये एडवर्ड स्टोन या इंग्रज पाद्र्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून सालीचा हा गुण कळवला. १८२८ मध्ये म्यूनिकच्या योहान बुखनर यांनी सालीतला कडू अर्क वेगळा काढला, दहा वर्षांनी राफाएले पिरिया यांनी त्यातून सॅलिसिलिक आम्ल मिळवलं आणि १८९७ मध्ये बायर कंपनीतल्या फेलिक्स हॉफमन यांनी त्या आम्लाला एक छोटी शेपटी जोडून ॲस्पिरिन बनवलं. मूळ आम्लही कुठे गेलेलं नाही. पायाच्या कुरूपावर चिकटवायच्या पट्टीत ते असतं, मुरमांच्या फेसवॉशमध्ये असतं. दुखऱ्या गुडघ्यावर चोळायच्या मलमाचा तो झणझणीत वास आहे ना, तो त्याच्याच एका रूपाचा, मिथाइल सॅलिसिलेटचा. हा वास लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एवढं सगळं झालं तरी वाळुंज हे आम्ल मुळात बनवतो कशाला, हा प्रश्न फारसा कुणाला पडला नाही. माणसाचा ताप उतरवायला तर तो बनवत नसणार.

उत्तर कळायला आधी झाडाच्या तापाकडे बघावं लागेल. दुपारी गच्चीवरच्या टोमॅटोचं काय होतं? पानाला खालच्या बाजूने हजारो बारीक दारं असतात, पर्णरंध्रं. त्यांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि पाण्याची वाफ बाहेर जाते. ऊन वाढलं, मुळांकडून पुरेसं पाणी येईना, की झाड दारं लावून घेतं. शहाणपणाचंच आहे ते, पण त्याची किंमत असते. पाणी वाचतं आणि कार्बन डायऑक्साइडही बाहेरच अडकतो. ऊन मात्र पडतच असतं. हरितद्रव्य प्रकाश पकडायचं थांबत नाही, कारण त्याला बटण नाही. प्रकाशाच्या जोरावर सुटलेले इलेक्ट्रॉन पुढे साखर बनवायच्या कामी लागायचे, ते काम तर बंद पडलेलं. गिरणीत वरून गहू ओतणारा थांबेना आणि खाली पिठाचा डबा लावायला कुणी नाही, अशी गत होते. मग हे बेवारस इलेक्ट्रॉन जवळच्या ऑक्सिजनला जाऊन चिकटतात आणि सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड अशी भांडखोर मंडळी तयार होते. जखमेवर ओतल्यावर फसफसतं तेच हे पेरॉक्साइड. पेशीच्या आत ते साचलं तर पेशीचं आवरण, प्रथिनं, सगळ्याला चावत सुटतं.

हा पेशीचा कचरा. तो थोडा तर रोजच होतो आणि त्यासाठी पेशीत सफाईवालेही नेमलेले असतात: सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज, ॲस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज अशा लांबलचक नावांची विकरं, म्हणजे एन्झाइम. रोजचा कचरा ती आवरतात. रंगपंचमीला गेर, म्हणजे आपली रंगांची मिरवणूक, निघून गेल्यावर राजवाड्यासमोर जो ढीग पडतो, तसा एकदम पडला तर त्यांचे हात अपुरे पडतात.

इथे जरा थांबते, कारण माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. ऊन, दुष्काळ, कडाका, खारी जमीन हे चार शत्रू आपल्याला चार वेगळे वाटतात आणि पहिला घाव प्रत्येकाचा वेगळा असतोही. मीठ मुळांतलं पाणी अडवतं आणि पोटॅशियमची जागा सोडियम बळकावतं. थंडीत पेशीची आवरणं थिजलेल्या तुपासारखी घट्ट होतात, उन्हात उलट सैल पडतात. पण चौघांच्याही वाटा शेवटी त्याच उकिरड्यावर येतात. पेशीत उपद्रवी ऑक्सिजन साचतो. एकच रसायन इतक्या वेगवेगळ्या ताणांत कामाला कसं येतं, याचं कोडं वाटायचं कारण नाही. ते शत्रूशी लढतच नाही, घरातली आवराआवर सुरू करून देतं.

इंदूरकरांना हे समजवायला मला दूरचं उदाहरण शोधावं लागत नाही. २०१७ पासून स्वच्छतेच्या सर्वेक्षणात आपला जो वरचा नंबर लागत आलाय, त्याची सुरुवात रोज सकाळी गल्लीच्या वळणावर होते. कचऱ्याची गाडी दिसतही नसते, पण तिचं गाणं ऐकू येतं आणि घराघरांतून ओल्या-सुक्याचे डबे घेऊन माणसं बाहेर पडतात. ते गाणं कचऱ्याचा एक कपटाही उचलत नाही. डबे भरतात, उचलतात, ओततात ती घरातली माणसं. सॅलिसिलिक आम्ल म्हणजे ते गाणं. ते खत नाही, टॉनिक नाही, उन्हाची छत्री तर नाहीच नाही.

हे लक्षात कसं आलं, त्याची हकीकत मला शिकवताना नेहमी आवडायची. १९७९ मध्ये इंग्लंडच्या रॉदमस्टेड संशोधन केंद्रातल्या रेमंड व्हाइट यांनी तंबाखूच्या पानांत ॲस्पिरिनचं पाणी टोचलं आणि मग त्या पानांना तंबाखूच्या मोझॅक विषाणूची लागण केली. रोगाचे ठिपके कमी पडले. ॲस्पिरिनने विषाणू मारला म्हणावं, तर ते काही विषाणू मारायचं औषध नव्हे. म्हणजे पानाचीच काहीतरी तयारी झाली होती.

मग १९८७ मध्ये गोष्ट भलत्याच वाटेने पुढे सरकली. सुरणाच्या कुळात सौरोमॅटम नावाची एक वनस्पती आहे. फुलताना तिचा मधला दांडा चक्क गरम होतो, भोवतालच्या हवेपेक्षा १४ अंशांपर्यंत जास्त, आणि त्या उष्णतेने कुजक्या मांसासारखा वास पसरून माश्या गोळा होतात. ही भट्टी पेटवतं कोण, हा प्रश्न कितीतरी वर्षं लोंबकळत होता. इल्या रास्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर काढलं: सॅलिसिलिक आम्ल. फुलण्याच्या आदल्या दिवशी त्याचं प्रमाण जवळजवळ शंभर पटींनी चढतं. हे मी वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास म्हणायचं, "मॅडम, म्हणजे आपला ताप उतरवतं आणि सुरणाला ताप आणतं!" अगदी तसंच. त्या दिवसापासून हे आम्ल म्हणजे झाडाचा स्वतःचा निरोप्या, संप्रेरक, हे मान्य व्हायला लागलं.

१९९० मध्ये दोन वेगळ्या गटांनी दाखवलं की रोग लागल्यावर तंबाखूत आणि काकडीत हे आम्ल आपोआप वाढतं. तीन वर्षांनी उलटा पुरावाही आला. एका जिवाणूचा जनुक घालून अशी तंबाखूची रोपं बनवली, की आम्ल तयार झालं रे झालं की त्याचे तुकडे व्हावेत. गाणं वाजायच्या आधीच वायर कापायची, असा प्रकार. त्या रोपांना मग एका पानाला झालेल्या आजारातून बाकीच्या पानांनी धडा घेणं जमेना. आणि तो मलमाचा वास? १९९७ मध्ये दिसलं की विषाणू लागलेली तंबाखूची झाडं मिथाइल सॅलिसिलेट हवेत सोडतात आणि शेजारची निरोगी झाडं तो वास पकडून आपली तयारी सुरू करतात. गुडघेदुखीच्या मलमाचा वास झाडांच्या भाषेत धोक्याची हाळी असते, हे कळल्यापासून मी ते मलम लावताना कुंड्यांकडे जरा संकोचूनच बघते.

पेशीत हा निरोप पोचतो कसा, ते फार खोल न शिरता सांगते. एक धागा वनस्पतिशास्त्रज्ञ डॅनियल क्लेसिग यांच्या प्रयोगशाळेतून आला. सॅलिसिलिक आम्ल जाऊन कॅटालेजला चिकटतं. हो, त्याच सफाईवाल्या कॅटालेजला, आणि त्याचा वेग थोडा कमी करतं. ऐकायला उफराटं वाटतं, पण त्यामुळे पेरॉक्साइड किंचित वाढतं आणि ती किंचित वाढच पेशीला खडबडून जागं करते. दाराशी थोडा कचरा दिसल्याशिवाय कुणी झाडू हातात घेत नाही. दुसरा धागा एनपीआर-१ नावाच्या प्रथिनाचा. एरवी त्याचे रेणू एकमेकांना बिलगून पेशीद्रवात पडून असतात. आम्लाचं प्रमाण वाढलं की गठ्ठा सुटतो, सुटे रेणू केंद्रकात शिरतात आणि संरक्षणाचे जनुक चालू करतात. हा दुसरा भाग मुख्यतः रोगांच्या अभ्यासातून कळलेला आहे, उन्हा-पाण्याच्या ताणात पहिल्या धाग्याचं महत्त्व जास्त दिसतं.

जागं झालेलं रोप मग काय काय करतं? सफाईच्या विकरांची भरती वाढवतं. प्रोलिन नावाचं अमिनो आम्ल साठवतं. मुरंब्यातला पाक जसा पाणी धरून ठेवतो तसं ते पेशीत पाणी धरून ठेवतं, शिवाय प्रथिनांचा आकार बिघडू देत नाही. खाऱ्या पाण्यात मुळांतून पोटॅशियम गळून जातं, ती गळती कमी करतं. अलीगढ मुस्लिम विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये रोज ६ तास ४० अंशांत ठेवलेल्या गव्हावर अर्धा मिलीमोल (हे माप पुढे सांगते) आम्ल फवारलं, तेव्हा प्रोलिन वाढलं, उन्हाच्या ताणात उसळणारा इथिलीन वायू आटोक्यात आला आणि प्रकाशसंश्लेषण सावरलं.

मला सर्वांत पटणारा प्रयोग मात्र ऑस्ट्रेलियातला, २००० सालचा. घेवड्याच्या आणि टोमॅटोच्या बिया सॅलिसिलिक आम्लाच्या किंवा ॲस्पिरिनच्या फिक्या पाण्यात भिजवल्या, नुसत्या भिजवल्या. त्यांतून उगवलेल्या रोपांनी पुढे ऊन, थंडी आणि पाण्याचा तुटवडा हे तिन्ही ताण जास्त चांगले सोसले. बी भिजवताना दिलेलं ते कणभर आम्ल मोठ्या रोपाच्या पानात उन्हाशी झुंजत बसलेलं असणं शक्य नाही. ते फक्त सांगून गेलं होतं. संशोधकांनीही निष्कर्ष हाच काढला, की याचं काम इशाऱ्याचं आहे.

आता काकूंच्या मगाकडे येऊ. वर मिलीमोल शब्द आला. एका लिटर पाण्यात १३८ मिलीग्रॅम सॅलिसिलिक आम्ल, म्हणजे एक मिलीमोल. प्रयोगांत उपयोगी पडलेली मात्रा बहुतेक वेळा ०.१ ते ०.५ मिलीमोलच्या आत असते, म्हणजे लिटरला १४ ते ६९ मिलीग्रॅम. चिमटीत धरताही येणार नाही इतकं थोडं. ॲस्पिरिनचा रेणू शेपटीमुळे जरा जड असतो, त्याचे लिटरला १८० मिलीग्रॅम म्हणजे एक मिलीमोल. काकूंनी अर्ध्या लिटरमध्ये ७५० मिलीग्रॅम घातलं होतं. हिशेब करा: ८ मिलीमोलच्या वर, वरच्या मर्यादेच्याही जवळजवळ सतरा पट. त्यात दुपारचे दोन. पानावरचा थेंब आटत जातो तसं त्यातलं आम्ल आणखी तीव्र होतं. काका रोज घेतात ती एक गोळी एका लिटरमध्ये विरघळवली असती, तर ०.४ मिलीमोल झालं असतं आणि पानं शाबूत राहिली असती. योगायोग म्हणायचा. तरीही ती गोळी काकांच्याच पोटात जावी हे बरं.

जास्त झालं तर काय बिघडतं? पानं करपतात तो ढोबळ भाग झाला. त्याच्या आधीच एक न दिसणारा तोटा सुरू होतो. गाडी दिवसभर गल्लीत गाणं वाजवत उभी राहिली तर बायका स्वयंपाक कधी करणार? बचावाच्या कामात गुंतलेलं झाड वाढ थांबवतं. म्हणून जास्त आम्ल दिलेली रोपं खुरटतात. झाडालाही हे ठाऊक असावं. काम झालं की ते उरलेल्या आम्लाला ग्लुकोज जोडून निरुपद्रवी करतं आणि रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत, ठेवून देतं, बरणीत भरून माळ्यावर टाकावं तसं.

मात्रेचा हा किस्सा गच्चीपुरता नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये देशभर पावसाने अशी ओढ दिली की १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट नव्हता. माझा मामेभाऊ देपालपूरकडे शेती करतो. सोयाबीन फुलोऱ्यात, काळ्या जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा. त्याचा फोन आला: "ताई, दुकानदाराने एक बाटली दिलीय, ताण जातो म्हणतो. मारू का?" बाटलीवर आत काय आहे आणि किती आहे, ते कुठेच धड छापलेलं नव्हतं. मी त्याला दोन प्रश्न विचारले. विहिरीत पाणी आहे का? आणि पानं सकाळी उठतायत का, की सकाळीही मान टाकून आहेत? सकाळीही मान टाकलेली होती. मग म्हटलं, बाटली राहू दे, स्प्रिंकलर लाव, एक हलकं पाणी दे. घराला कुलूप असताना गल्लीत कितीही गाणं वाजवलं तरी डबा घेऊन येणार कोण? सफाईची विकरं बनवायला, प्रोलिन बनवायला पेशीत पाणी, साखर आणि नत्र शिल्लक असावं लागतं. हे आम्ल ताण यायच्या आधी द्यायचं असतं, निदान तो सुरू होता होता. हवामान खात्याने पावसाच्या खंडाचा किंवा उष्णतेचा अंदाज दिला आणि पीक अजून ताजंतवानं आहे, ती वेळ. गव्हाचंही तसंच. मार्च २०२२ हा नोंदीतला देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला. तेव्हा उशिरा पेरलेला गहू दुधाळ अवस्थेत सापडला आणि दाणा पोचट राहिला. दाणा सुरकुतल्यावर कसलीही फवारणी मारा, तो काही परत फुगत नाही.

एक आकडा मामेभावाला फार गमतीचा वाटला. पाठीवरच्या पंपाने हेक्टरी ५०० लिटर पाणी लागतं असं धरा. अर्ध्या मिलीमोलच्या हिशेबाने त्यात आम्ल किती? ३५ ग्रॅम. युरियाची एक गोणी ४५ किलोची असते आणि इथे अख्ख्या हेक्टरला एक मूठ. कुणी लिटरभर बाटली विकून "भिया, जास्त टाका, जास्त फायदा" म्हणालं तर हा आकडा आठवावा. अशा बायोस्टिम्युलंट उत्पादनांना सरकारने २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली आणलंय. घटक आणि मात्रा छापलेली नसेल, तर ती बाटली घेऊच नये.

सगळं इतकं सरळही नाही, हे सांगायला हवं. २००१ चा एक प्रयोग माझ्या लाडक्या सिद्धांताला टाचणी लावतो. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या रोपट्यात ती वायर कापायची युक्ती करून त्याला मिठाच्या पाण्यात वाढवलं, तर आम्ल नसलेली रोपटीच हिरवी राहिली आणि साधी रोपटी करपली. म्हणजे ताण आधीच जबर असेल तेव्हा हे आम्ल पेरॉक्साइडच्या आगीत तेलही ओतू शकतं. भाताच्या पानात हे आम्ल मुळातच इतकं असतं, की टोमॅटोचा हिशेब त्याला लावणं व्यर्थ. आणि २०२२ मध्ये अमेरिकेत दिसलं, की अरॅबिडॉप्सिसला २३ ऐवजी २८ अंशांत ठेवलं तर रोग लागल्यावरही ते हे आम्ल पुरेसं बनवू शकत नाही. उष्णतेने गाडीचा भोंगाच बंद पडतो. उन्हाळ्यात झाडं रोगाला लवकर बळी पडतात, त्याचं एक कारण हे असू शकतं. शिवाय कुंडीत, प्रयोगशाळेतल्या दिव्याखाली मिळालेले आकडे शेतात तसेच्या तसे उतरत नाहीत. शेतात वारा असतो, धूळ असते, कीड असते आणि पंप मारणारा माणूस घाईत असतो.

तरी करून बघायचंच असेल, तर काही गोष्टी मी चुकून शिकले आहे. सॅलिसिलिक आम्लाची पूड थंड पाण्यात सहज विरघळत नाही. पहिल्यांदा मी ती सरळ पंपात ओतली, ती तळाशी बसली आणि नोझल चोंदलं. आधी थोड्या अल्कोहोलमध्ये किंवा बऱ्यापैकी गरम पाण्यात पूर्ण विरघळवायची, मग ते बाकीच्या पाण्यात ढवळत घालायचं. १५ लिटरच्या पंपाला साधारण १ ग्रॅम पुरे, आणि ते सोनाराच्या नाही तरी छोट्या डिजिटल काट्यावर मोजायचं, चमच्याने नाही. लोह असलेल्या सूक्ष्मअन्नद्रव्यांबरोबर एका टाकीत मिसळायचं नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत फेरिक क्लोराइडचा थेंब टाकल्यावर जांभळा रंग यायचा आठवतो? टाकीत तेच होतं, लोह आणि आम्ल एकमेकांत अडकून बसतात. हातमोजे, चष्मा घाला. कुरूप झिजवणारं आम्ल आहे ते, पूड डोळ्यांत गेली तर काय होईल याची कल्पना करा. फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर. बी भिजवायचं तर गहू, टोमॅटो चालेल. सोयाबीनच्या नादी लागू नका, त्याचं साल इतकं नाजूक की पाणी भसकन आत शिरलं की बी फुटतं.

आणि आधी माती. १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज कृषिशास्त्रज्ञ याच शहरात इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री चालवायला आले आणि त्यांनी काडीकचरा, शेण नि माती थरांनी रचून खत करायची जी रीत बसवली, ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. काकूंच्या कुंडीत अशा खताच्या चार ओंजळी असत्या, तर माती दुपारपर्यंत ओली राहिली असती आणि काकांच्या गोळ्यांपर्यंत वेळ आली नसती. वर पालापाचोळ्याचं आच्छादन, दुपारी हिरव्या जाळीची सावली. एवढं केल्यावर उरलेल्या ताणाला सॅलिसिलिक आम्ल, असा माझा क्रम.

काकूंना मी हे सगळं दोन कप चहात सांगितलं. त्यांनी करपलेली पानं खुडली, झाडाला जाळी बांधली. आठवड्याने नवी पालवी आली तेव्हा म्हणाल्या, आता नीट मोजून करू. मी लिटरला ५० मिलीग्रॅमचं पाणी बनवून दिलं आणि अट घातली: सारख्या वाढीची दोन रोपं निवडायची, एकावर हे, दुसऱ्यावर साधं पाणी, खडूने कुंडीवर खूण करायची. दुसरं रोप नसेल तर पहिल्याचं भलं औषधाने झालं की ढगाळ हवेने, हे देवालाही सांगता येणार नाही. काकूंना ते लगेच पटलं, वहीत तारखाही लिहू लागल्या.

मे संपता संपता मी गच्चीवर गेले. दोन्ही रोपं छान, दोन्हींवर टोमॅटो लगडलेले, उंचीत बोटभराचाही फरक नाही. मी जरा हिरमुसले. म्हटलं, काकू, फरकच नाही दिसत.

काकू पाण्याचा पाइप गुंडाळत म्हणाल्या, "कसा दिसेल? अगं, दुसऱ्या दिवसापासून मी त्यालाही मारत होते. एवढ्या उन्हात ते बिचारं शेजारी उभं राहून बघतंय, माझ्याच्याने नाही झालं."